मधल्या खोलीची अट

१२ जून

बियाण्याच्या कंपनीनं माझ्या नवऱ्याच्या, हर्षलच्या कृषी केंद्रात वाटलेली ही डायरी कपाटात धूळ खात पडली होती. आज मी तिच्यावर कब्जा केला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकेका किडीचं नाव आणि तिचा बंदोबस्त छापलाय. उरलेली जागा माझी.

घर मिळालं! चिखलीत, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या जागेवर जी कॉलनी झाली तिच्यात, शेवटून दुसरं. पुढं मोठा हॉल, मागं स्वयंपाकघर, परसात बोअरचा नळ, आणि मध्ये एक ऐसपैस खोली. हॉल पाहिला तेव्हाच मनातल्या मनात मी बाकं मांडून मोकळी झाले. कोचिंग क्लासच्या पोरींसाठी खाणावळ काढायची. उंद्रीत लग्न झाल्यापासून घरच्या, भावकीच्या, सप्त्याच्या पंगती वाढल्या. आता वाढीन ती स्वतःच्या पाटीखाली.

घरमालक मार्तंडराव, निवृत्त हेडमास्तर. पुण्याला मुलाकडं राहतात. किल्ली देण्याआधी त्यांनी मला समोर उभं केलं, वर्गात करत असतील तसं.

"बघ बाई, घर तुझं. वर्षातले तीन दिवस सोडून. भाद्रपदात मधली खोली महालक्ष्म्यांची. त्यांची जागा हलत नाही, म्हणून तर मी हे घर विकलं नाही. आम्ही येऊ, बसवू, उठवू, जाऊ. त्यात काही कमी-जास्त झालं तर दसऱ्याच्या आत घर रिकामं करायचं."

त्यांच्या पत्नी शरयूकाकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडं पाहिलं.

हर्षल म्हणतो, "तीन दिवसाचं काय एवढं? बाकीचं वर्ष आपलंच हाये न." त्याचं बरोबर आहे. पण 'कमी-जास्त' म्हणजे नेमकं काय, हे विचारायला मला तोंड उघडता आलं नाही.

२९ जून

खाणावळ सुरू होऊन आठवडा झाला. पोरी जेवतात कमी आणि नावं ठेवतात जास्त. तरी रोज नवी एखादी येतेच. माझी लेक राखी शाळेतून आली की त्यांच्यात बसते आणि मोठ्या पोरींसारखं बोलायला शिकते. तिला इथली शाळा मानवली. उंद्रीचं नाव काढलं की आता तोंड फिरवते.

समोरच्या आशाबाईंकडून घराचा इतिहास कळला. मार्तंडरावांचे वडील जिनिंगमध्ये मुनीम होते, हे घर तेव्हाचंच. जिनिंगला आग लागली ती ऐन महालक्ष्म्यांच्या दिवसांत. सरकीचे ढीगच्या ढीग जळाले, पण आग या घराच्या कुंपणाशी येऊन थांबली. घरात देवी उभ्या होत्या ना! तेव्हापासून अख्ख्या कॉलनीच्या बाया इथं ओटी भरायला येतात.

मी हळूच विचारलं, "कमी-जास्त झालं तर, असं काका म्हणाले. म्हणजे काय हो?"

"म्हणजे इटाळ, सुतक," आशाबाई म्हणाल्या. "एका वर्षी भाडेकऱ्याच्या घरी मयत झाली, महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. मास्तरनं दसऱ्याच्या आधी त्याचं सामान बाहेर काढलं. लई कडक मानूस हाये."

माझ्या माहेरचं आणि सासरचं कोण कोण आजारी आहे, याची मी तेव्हापासून मनात उजळणी करते. लाज वाटते, पण करते.

१७ जुलै

आज एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काय पाहिजे?

"जेवण मिळते का इथं?"

खाणावळ पोरींची आहे, पण दारात आलेल्याला परत कोण पाठवतं? जेवायला बसवलं. चवीनं जेवले. पडवळाची भाजी नाही का करत, म्हणून विचारलं. मी म्हटलं, अजून पडवळं निघाली नाहीत बाजारात. सगळा वेळ त्यांची नजर मधल्या खोलीच्या दारावर.

"आत पाहू का? चपला बाहेर काढतो."

आत जाऊन पूर्वेच्या भिंतीसमोर उभे राहिले. "इथं ज्येष्ठा, इथं कनिष्ठा. अन् मी इथं, फुलोऱ्याखाली. टांगलेली करंजी तोडायले." आणि असे हसले की मलाही हसू आलं.

ते भागवतराव. मार्तंडरावांचे सख्खे धाकटे भाऊ! खामगावला भाड्याच्या खोलीत एकटेच असतात. वडील गेल्यावर त्यांनी घरात वाटणी मागितली. मोठे म्हणाले, भिंती घेऊन जा, देवीला हात लावू नको. हे एका वायरच्या पिशवीत कपडे भरून निघाले ते निघालेच. राखीच्या जन्माच्याही कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं नाही.

"येतो मी यंदा," ते म्हणाले. "महाप्रसादाले. दादाले सांगू नका. सरळ पानावरच येऊन बसतो. मग काय पानावरून उठवन का मले?"

मी माझा नंबर दिला आणि लगेच पस्तावले. दोन भावांच्या भांडणात भाडेकरणीनं कशाला नाक खुपसावं? ऐन प्रसादाच्या दिवशी तमाशा झाला तर कमी-जास्तात तोही धरतील.

९ ऑगस्ट

शरयूकाकूंचा पुण्याहून फोन. मधल्या खोलीला रंग दिला का, नळाला पाणी कसं आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "कोणी येऊन गेलं का गं घरी?"

भागवतराव आठवले, तरी मी नाही म्हटलं.

"बरं." आणि लगेच, "पडवळ शोधून ठेवशील? सोळा भाज्यांत लागतंच, पण वेगळंही करायचंय. भरून."

पडवळाचा एवढा सोस कोणासाठी, कळेना. आशाबाई सांगत होत्या की मास्तर पडवळाकडं बघतसुद्धा नाहीत. पुण्याचा मुलगा येत असेल.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आता मोजकेच दिवस. पोरींना तीन दिवसांची सुट्टी दिली, त्यावर त्यांनी केवढी कुरकुर केली! कांदा-लसणाची टोपली आशाबाईंकडं पोचवली. मधल्या खोलीला रंग दिला, ओटा घासला, नळाची तोटीसुद्धा चिंचेनं उजळली. उंद्रीहून सासूबाई आल्या, आघाडा आणि केळीची पानं घेऊन. मला बघून म्हणाल्या, "अवं, लक्ष्मी येऊन राह्यली का कलेक्टर येऊन राह्यला?"

भागवतरावांचाही फोन आला. नवा सदरा शिवलाय म्हणे. बोलता बोलता दोनदा थांबले, दम लागल्यासारखे. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना? "घाटी चढायची थोडी हाये? एसटीनं उंद्री, अमडापूर करत येतो की," म्हणाले.  तब्येतीचा विषय मी पुढं नेला नाही. माणूस हरखला होता.

३१ ऑगस्ट

आल्या महालक्ष्म्या. काका-काकू कालच आलेत. मुलगा आला नाही, त्याला सुट्टी नाही.

फाटकापासून कुंकवाची पावलं काढली, थाळी वाजवली, काकूंनी मुखवटे पदराखाली धरून आणले. मुखवट्यांखालच्या कोठ्या, साड्या, दागिने, सगळं काकूंनी एकटीनं केलं. मला आत येऊ दिलं नाही. "तू बाहेरचं बघ," म्हणाल्या. मी पुरणासाठी डाळ निवडायला घेतली तर सूपच ओढून घेतलं. सोवळं! वर्षभर याच ओट्यावर माझ्या भाकरी थापल्या जातात, पण तीन दिवस मी उंबऱ्याबाहेर. सासूबाईंनी डोळ्यांनीच मला दाबलं, नाहीतर माझ्या तोंडून निघालंच असतं.

पण खरं सांगू? देवी उभ्या राहिल्या आणि समया लागल्या, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोली ओळखू येईना. काका हात जोडून उभे होते आणि चक्क गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी पहिल्यांदा पाहिलं. काकूंना म्हणाले, "उद्या पानं जास्तीची मांड. कोणी आलं-गेलं तर ऐनवेळी धावपळ नको."

सगळं नीट चाललंय. उद्याचा दिवस पार पडू दे. मग घर माझं.

१ सप्टेंबर, सकाळ

परसातल्या नळाजवळ बसून लिहिते आहे. 

दिवस उजाडल्यावर फोन आला. भागवतरावांचा नंबर, म्हणून मी हसतच उचलला. तिकडून बाईचा आवाज.

"मी सुभद्राबाई बोलते खामगावहून. भागवतराव माह्या घरी भाड्यानं राहतात. ते पहाटे गेले वो. झोपेतच. तुमचा नंबर त्यायच्या मोबाइलात वरच होता."

मी फोन घेऊन परसात आले.

"याच्या आधी एका नंबरवर लावला. एका बाईनं उचलला, सगळं ऐकून घेतलं अन् काही न बोलता ठेवून देला. लागला असन राँग. त्यायचे भाऊ तिथंच हायेत न? ते सांगत होते, मी दादाकडं जाऊन राह्यलो म्हणून. सांगा त्यायले. आग्नी द्याले सख्खं कोणी नाही दुसरं. आम्ही दिवसभर वाट पाह्यतो."

फोन ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.

सांगितलं तर सुतक. देवी आत उभ्या, नैवेद्य व्हायचाय, कॉलनी ओटी घेऊन यायची आहे, आणि घरच्या माणसाचा हात देवीला लागायचा नाही. कमी-जास्त म्हणजे याहून वेगळं काय असतं? दसऱ्याच्या आत सामान रस्त्यावर. खाणावळ बंद, राखीची शाळा बंद, पुन्हा उंद्री.

आणि सुतक कळल्यावर लागतं. कळलं नाही तर लागत नाही. लहानपणापासून हेच ऐकत आले. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात आजोबांची बातमी वऱ्हाड निघेपर्यंत दाबून ठेवली होती. कोणीच त्याला पाप म्हटलं नाही.

शिवाय हे दोघे भाऊ इतकी वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. ज्याची कोणी वाटच बघत नाही, त्याची बातमी एक दिवस उशिरा कळली तर काय बिघडेल?

काकू आत्ताच इथून गेल्या. सकाळी न्हाऊन झालेल्या बाई पुन्हा नळाखाली बसल्या, लुगड्यासकट. बादलीवर बादली ओतली. सोवळ्याचं किती वेड असावं माणसाला! माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुष्पांजली, तूही न्हाऊन घे. आज स्वयंपाक तू कर. माझी पाठ धरली आहे."

१ सप्टेंबर, दुपार

काल डाळीच्या सुपाला हात लावू न देणाऱ्या काकूंनी आज अख्खं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दिलं. पुरण मी शिजवलं, आंबील मी केली, सोळा भाज्या मी चिरल्या. काकू परसदारी पाटावर बसून सांगत होत्या आणि मी करत होते. नैवेद्याचं ताटही मीच देवीपुढं ठेवलं. "ओटी तू भर," म्हणाल्या. मी चाचरले तर एकदम कडाडल्या, "भर म्हणते ना!" गरज पडली की सोवळं कसं सुटतं बघा. पाठ दुखली की जात आठवत नाही कोणाला. एरवी मी हे मनातल्या मनात चघळत बसले असते, पण आज चोर माझ्याच मनात होता. पडवळ मात्र त्यांनी करू दिलं नाही. चिरून ठेवलं होतं, ते म्हणाल्या, राहू दे.

मध्येच हर्षल पानं न्यायला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो उभ्या उभ्या पांढरा पडला.

"अन् तू गप्प बसून राह्यली? मी दुकानाची गाडी काढतो. सव्वा तासात खामगाव. त्यायले घेऊन जातो मी."

मी त्याचा हात धरला. "घर जाईल."

"घराचं पाहू मंग! मानूस मेला तिकडं, पुष्पा."

"ते बोलत तरी होते का एकमेकांशी? उद्या उठवल्या की मी स्वतः सांगते. राखीची शपथ." पोरीची शपथ मी कधी घातली नव्हती. तो हात सोडवून निघून गेला. त्यानंतर माझ्याकडं पाहिलं नाही.

फोन वाजतोय. खामगावचाच. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. शेवटी बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला.

आरतीला काका आणि मी. काकू दारापाशीही आल्या नाहीत. नैवेद्य झाला, सवाष्णी-ब्राह्मण खोळंबले, तरी काका पंगत बसवू देईनात. "थांबा जरा." फाटकात जाऊन उन्हात उभे. परत आले, परत गेले. एसटीचा आवाज आला की मान वर. आता भटजी तर आत येऊन बसलेत, मग वाट कोणाची? मी म्हटलं, काका, ऊन लागेल. तर म्हणाले, "लागू दे."

शेवटी आत आले आणि काकूंना म्हणाले, "ते रिकामं पान उचल. ज्याला यायचं नसतं त्याची वाट बघू नये." त्यानंतर मधल्या खोलीत जाऊन एकटेच देवीपुढं उभे राहिले, थोडा वेळच. बाहेर आले तेव्हा चेहरा अगदी दगड.

काकूंनी पान उचललं नाही. मी उचललं.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

सगळी कॉलनी येऊन गेली. बाया म्हणाल्या, यंदा देवी प्रसन्न आहेत, चेहऱ्यावर तेज आहे. मी हळदीकुंकू लावत होते आणि हसत होते. तोंड दुखलं हसून.

काकू जेवल्या नाहीत. मी पुरणपोळी घेऊन गेले तर म्हणाल्या, "मला प्रसाद नको, साधा भात दे." माझ्या हातची पोळी चालत नाही वाटतं. स्वयंपाक चालतो, पोळी नाही! चार घास भात खाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

डब्यातून फोन काढला. सुभद्राबाईंचा निरोप आलाय. 'दिवस बुडेपर्यंत थांबलो. मग आमच्या पोरानं आग्नी देला.'

झालं. आता काही हातात नाही, असं वाटून मला हलकं वाटायला हवं होतं.

२ सप्टेंबर

कसं लिहू ते कळत नाही, पण लिहिते.

दुपारी महालक्ष्म्या उठवल्या. दहीभाताचा नैवेद्य, सुताच्या गाठी, अक्षता, सगळं माझ्याच हातून. मुखवटे पेटीत ठेवताना काकू उंबऱ्याबाहेरून सांगत होत्या, "आधी ज्येष्ठेचा. हळू." पेटी बंद झाली आणि हर्षल माझ्यामागं येऊन उभा राहिला. शपथ आठवत होती त्याला.

काका उपरण्याची घडी घालत होते.

"काका, खामगावचे भागवतकाका गेले."

घडी अर्धवट राहिली. "केव्हा?"

"काल पहाटे."

"तुला केव्हा कळलं?"

"काल सकाळी. खामगावच्या लोकांनी दिवस बुडेपर्यंत तुमची वाट पाहिली. सुतक पडेल, घर जाईल, म्हणून नाही सांगितलं मी. घरासाठी नाही सांगितलं."

मला वाटलं, आता हात उगारतील. शिव्या देतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वळून काकूंकडं पाहिलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "आणि तुला?"

काकू म्हणाल्या, "हिच्या आधी."

तेव्हा मला एकेक गोष्ट दिसायला लागली. नळाखालचं न्हाणं, धरलेली पाठ, माझ्याकडून भरवलेली ओटी, परत केलेली पोळी. सुभद्राबाईंचा आधीचा फोन राँग लागलाच नव्हता. त्या दिवसभर देवीपासून लांब बसून होत्या आणि मी त्यांना नावं ठेवत होते.

सासूबाई मध्येच बोलल्या. त्यांना कुठं थांबायचं कळत नाही, आणि आज ते बरंच झालं. "अवं माय, एवढं कायले लपवलं तुम्ही दोघीनं? सुतक पडलं तं दुसऱ्या गोताच्या हातून करून घेतात. आमच्या उंद्रीत शेजारीण उठवते लक्ष्म्या, अन् घरचे मयतीले जातात. मले तं इचाराचं होतं एकदा!"

मी नव्हतं विचारलं. शेजारच्या खोलीत बसल्या होत्या त्या, वाती वळत.

"मला माहीत आहे ते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर हिच्या हातून करून घेतलं."

"मंग त्यायले काऊन नाही सांगितलं?"

काकूंचा बांध फुटला. "कशी सांगू? मीच फोन करून बोलावलं होतं भाऊजींना. यांना ते सांगितल्यापासून रोज पुढं पुढं चाललं होतं यांचं. तो काय खाईल, कुठं निजेल. म्हटलं, आरती होऊ दे. मग म्हटलं, जेवणं होऊ दे. मग यांना उन्हात उभं पाहिलं आणि धीरच झाला नाही."

म्हणजे काकांना माहीत होतं. ज्याची कोणी वाट बघत नाही म्हणून मी स्वतःची समजूत घातली, त्याचीच ते फाटकात उभं राहून वाट बघत होते. आणि मी त्यांना ऊन लागेल म्हणून आत बोलावत होते!

काका पाटावर बसले. एवढे ताठ हेडमास्तर, पण बसताना जमिनीला हात टेकावा लागला.

"काल पंगत बसायच्या आधी मी देवीपुढं गेलो," ते म्हणाले. कोणाला सांगत होते कोण जाणे, नजर पेटीवर होती. "म्हटलं, मी एवढा वाकलो आणि हा तरी अकडूनच बसला. आता याचं तोंड मला पुन्हा दाखवू नको. असं म्हटलं मी. देवीला. आणि त्या वेळी तो तिकडं अंगणात निजून माझी वाट पाहत होता."

 हर्षल गाडी काढायला गेला. काका उठले, परसात नळाखाली अंगावरच्या कपड्यांनिशी बसले, आणि मग मोठ्यानं रडले. मी माझ्या आयुष्यात कोणा पुरुषाला असं रडताना ऐकलं नव्हतं.

१४ सप्टेंबर

काका-काकू खामगावला सुभद्राबाईंकडंच राहिले होते, दिवस होईपर्यंत. आज पुण्याला जाताना इथं थांबले. काकू गाडीतून उतरल्या नाहीत. मी काचेशी गेले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि लगेच सोडला. 

काका दारात आले. मी सामान बांधायला घेतलं होतं, खोकी हॉलमध्येच पडली होती. त्यांनी खोक्यांकडं पाहिलं.

"हे कशाला?"

"तुम्ही म्हणाला होता, कमी-जास्त झालं तर..."

"देवीचं काही कमी झालं नाही. तू सगळं नीट केलंस." बोलताना त्यांनी डोळ्याला डोळा दिला नाही. "घर राहू दे तुझ्याकडं. पाहिजे तेवढी वर्षं. यापुढं महालक्ष्म्या तूच बसव. पेटी तिथंच आहे."

"आणि तुम्ही, काका?"

"मी येणार नाही."

गाडी गेली. हर्षलनं खोकी एकेक करून पुन्हा उघडली आणि भांडी जागेवर लावली. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो.

संध्याकाळी पोरी जेवायला आल्या. चार नव्या आहेत, हॉलमध्ये मावेनात. एकीनं मधल्या खोलीचं दार ढकलून विचारलं, "काकू, ही एवढी मोठी खोली रिकामीच हाये न? इथं बसू का आम्ही?"

 मी हो म्हटलं, आणि पानं घेऊन आत गेले.